गाडीलाही हवी कल्हई



गाडी धुणं-पुसणं हे पुरुषांचं काम, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण डबा कुठला आणायचा आणि त्यापायी किती पैसे घालायचे, हे शेवटी घरखर्चाच्या वहीतच येतं ना? शिवाय आता कितीतरी घरांत गाडी चालवते तीही घरची बाईच. तेव्हा आज स्वयंपाकघरातून जरा अंगणात येऊ या.

आधी माझी चूक सांगते. आमच्या गडद निळ्या गाडीच्या चकाकीचं मला भारी कौतुक. दर दसऱ्याला, दर लग्नकार्याला मी ह्यांच्या मागे लागायची, "अहो, पॉलिश करून आणा ना!" गॅरेजमध्ये मशीन फिरलं की गाडी अशी लख्ख व्हायची, की बॉनेटमध्ये बघून कुंकू लावावं! सहाव्या वर्षी मात्र बॉनेटवर आणि टपावर पांढुरके चट्टे उमटले. पुन्हा पॉलिश केलं, तर ते वाढलेच. शेवटी एका जुन्याजाणत्या पेंटरने सांगितलं, "ताई, वरचा थर घासून घासून संपलाय. आता रंगच द्यावा लागेल." लेकीच्या शिलाई-मशीनसाठी जमवलेले पैसे त्या दिवाळीत गाडीवर गेले. घासायचा हट्ट माझाच होता, दोष कुणाला देणार?

चूक कुठे झाली? पॉलिश आणि वॅक्स ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच मला ठाऊक नव्हतं. आपण तांब्याचं भांडं चिंचेने घासतो, ते पॉलिश. आणि आतून कल्हई लावतो, ते वॅक्स. एक काढून टाकतं, दुसरं वर थर चढवतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लेप असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ! पॉलिशमधली बारीक भुकटी त्यातलाच थोडा भाग खरवडते, म्हणून ओरखडे दिसेनासे होतात. पण गेलेला लेप पुन्हा येत नाही. म्हणून लक्षात ठेवा: पॉलिश क्वचित, वॅक्स नेमाने.

दुकानात गेलात की डबा उलटून वाचा. 'कंपाउंड', 'रबिंग', 'ओरखडे घालवते' असं लिहिलं असेल, तर तो माल बहुधा घासणारा समजावा. रंग खरंच निस्तेज झाला असेल तरच तो घ्यावा, आणि तोही सौम्यातला सौम्य. नुसतं संरक्षण हवं असेल, तर 'वॅक्स' किंवा 'सीलंट' मागा. कार्नोबा वॅक्स हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. त्याची झळाळी फार छान, पण टिकतं महिना-दोन महिने. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने जातं. गाडी रात्रंदिवस उघड्यावर उभी असेल किंवा तुम्ही कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात राहत असाल, तर सीलंट बरं. मॅट रंगाच्या गाडीला मात्र ह्यांतलं काहीही लावू नका.

लावण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलीत, पत्रा गार असताना, गाडीच्या शांपूने धुवावी. भांड्यांचा साबण नको, तो होतं तेवढं वॅक्सही कमी करतो. पूर्ण कोरडी झाली की एकेका भागाला सुपारीएवढं वॅक्स पातळ पसरावं, धुरकट दिसू लागलं की मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावं. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. कापड जमिनीवर पडलं तर दुसरं घ्या, खडे चिकटलेलं कापड म्हणजे पॉलिस पेपरच! आणि सकाळी धुळीवर कोरडं फडकं फिरवणाऱ्या गाडीपुश्यालाही सांगा, "आधी पाणी, मग फडकं."

घरगुती उपायांपासून मात्र सावध. टूथपेस्टमध्येही घासणारी भुकटी असते. रॉकेलच्या बोळ्याने चमक येते ती तासाभराची, वर धूळ मात्र झकास बसते. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच पाण्याने भिजवून काढा, तिच्यातल्या आम्लाने लेप खराब होतो. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण ओलं हळद-कुंकू आणि झेंडूचा हार दिवसच्या दिवस काढा. फिकट रंगावर त्यांचे डाग बसतात.

वॅक्स उरलंय की संपलंय, हे कसं कळावं? बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता. अळूच्या पानावर जमतात तसे टपोरे थेंब झाले, तर काळजी नाही. पाणी सपाट पसरलं, तर डबा काढा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास ही परीक्षा घ्यावीच.

आमच्या गाडीला आता नवा रंग आहे. ह्या दसऱ्याला मी ह्यांना फक्त मेणाचा डबा आणायला सांगितलं. बॉनेटमध्ये बघून कुंकू लावता येत नाही. पण त्याला आरसा आहे की घरात!