कळलावीचा कंद घरी उगाळू नये

कळलावी ही पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या कुंपणांवर चढणारी वेल. तिच्या पानांची टोके लांबून ताणे होतात आणि शेजारच्या झुडपाला विळखा घालतात. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळून उभ्या राहतात. बुडाशी पिवळ्या, टोकाशी लालभडक, कडा कुरळ्या. जमिनीखाली नांगराच्या आकाराचा कंद असतो आणि वाद आहे तो या कंदाचाच.

पूर्वपक्ष असा: लांगली या नावाने ग्रंथांत आलेली ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे; अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीवर नि तळपायांवर कंदाचा लेप लावतात; गोमूत्रात शोधन केले की विष उरत नाही. यातली वहिवाट खरी, निष्कर्ष खोटा. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. ते पेशींचे विभाजन रोखते. शिजवून ते जात नाही. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, पण किती घटले हे घरी मोजणार कोण? रताळे समजून हा कंद खाल्लेली माणसे दगावली आहेत. पहिले काही तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पुढच्या काही दिवसांत अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते. जो वाचतो त्याचेही केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. डायलिसिसनेही हे विष निघत नाही. लेपाने बाळंतीण सुटते याला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यात गेलेला वेळ आई नि बाळ दोघांच्या जिवावर बेततो.

म्हणून दिसेल तिथे वेल उपटावी, हेही बरोबर नाही. हेच कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅमच्या गोळीतून गाऊटच्या असह्य ठणक्यावर दिले जाते. तमिळनाडूतले शेतकरी बियांसाठी कळलावीची लागवड करतात, कारण औषध कारखान्यांना त्या बिया हव्या असतात. आयुर्वेदही तिची गणना उपविषांत करतो. औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतल्या विषारी द्रव्यांत लांगली आहे. अशा द्रव्याचे पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. तेव्हा आयुर्वेदाचा दाखला देत घरी कंद उगाळणारे आयुर्वेदाचीच मर्यादा मोडतात.

कंद पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलट्यांची वाट पाहू नये. रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा सोबत घ्यावा.