बड्या कर्जासाठी न्यायालय आधी, छोट्या थकबाकीसाठी सतरा वर्षांनी

उधारी वसूल होत नाही, ही आपल्या बाजारपेठेतील जुनीच तक्रार आहे. माल गेला, बिल गेले, वर्ष उलटले. आणि कोर्टाची पायरी चढावी तर वकिलाची फी व हेलपाटे यांतच थकबाकी संपून जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी किंवा जागतिक बँक एखाद्या अडचणीतील देशाला कर्ज देताना "आधी कायदे सुधारा" अशी अट घालते, तेव्हा ही अट मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. चांगला कायदा आणि वेळेवर मिळणारा न्याय व्यापाऱ्याला हवाच असतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. सुधारणा कोणाच्या थकबाकीसाठी, आणि कोणाची पाळी आधी?

याचे उत्तर शोधण्यासाठी इंडोनेशियाकडे पाहावे. जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम देशांपैकी हा एक. १९९७ च्या मध्यास तेथे एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मोजावे लागत. जानेवारी १९९८ मध्ये हा भाव १० हजारांच्या पुढे गेला. डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या मोठ्या कंपन्या कोलमडल्या. नाणेनिधीने नोव्हेंबर १९९७ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यासोबत अटींची यादी पुढे ठेवली. १५ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो वाकून करारावर सही करीत आहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कॅमडेसस हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत, हे छायाचित्र जगभर छापले गेले. कर्जदार देशाची अवस्था त्यात सर्वांना दिसली.

या अटींत चांगले काही नव्हते असे नाही. लवंगेच्या व्यापाराची मक्तेदारी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाच्या हाती होती. शेतकऱ्याने आपली लवंग ठरलेल्या वाटेनेच विकायची, आणि सिगारेट कारखान्यांनी ती तेथूनच चढ्या भावाने घ्यायची, असा हा कारभार. नाणेनिधीच्या अटीमुळे ही मक्तेदारी मोडली. घरच्या लोकांना जे जमले नाही ते बाहेरच्या सावकाराने केले, हे मान्य केले पाहिजे.

पण दिवाळखोरीच्या कायद्याची गोष्ट निराळी. इंडोनेशियात हा कायदा डच राजवटीतील, १९०५ सालचा. त्याचा वापर क्वचितच होई. परदेशी बँकांचे पैसे अडकले तेव्हा तो बदलण्याची घाई झाली. एप्रिल १९९८ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच ऑगस्टपासून जकार्तात खास व्यापारी न्यायालय सुरू झाले. निकाल ३० दिवसांत. अट एवढीच की कर्जदाराचे किमान दोन धनको असावेत आणि मुदत संपलेले एक तरी देणे थकलेले असावे. त्याच्याजवळ देणे फेडण्याइतकी मालमत्ता आहे की नाही, हे पाहण्याची तरतूदच नव्हती.

त्याचा परिणाम २००२ साली दिसला. मनुलाइफ या कॅनडाच्या विमा कंपनीची इंडोनेशियातील शाखा-कंपनी सुस्थितीत होती. तरीही १९९९ चा लाभांश दिला नाही, या कारणावरून जूनमध्ये व्यापारी न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरविले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो निकाल फिरवावा लागला. २००४ मध्ये प्रुडेन्शियल या दुसऱ्या विमा कंपनीवर हाच प्रसंग आला आणि तोही निकाल वरच्या न्यायालयात रद्द झाला. त्याच वर्षी नवा कायदा करून विमा कंपनीविरुद्ध असा अर्ज फक्त अर्थमंत्र्यांनीच करावा, असे ठरले. म्हणजे मोठ्यांना त्रास झाला तेव्हा मोठ्यांपुरती दुरुस्तीही झाली.

आता जेपाराच्या सुताराचा आणि पेकालोंगानच्या बाटिक कारागिराचा विचार करा. त्यांची थकबाकी कंपन्यांच्या मानाने किरकोळ. पण घर तिच्यावर चालते. अशा लहान दाव्यांसाठी सोपी पद्धत इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणली ती २०१५ साली: एक न्यायाधीश, २५ दिवसांत निकाल, २० कोटी रुपियापर्यंतचे दावे. २०१९ मध्ये ही मर्यादा ५० कोटी रुपिया झाली. व्यवस्था चांगली आहे. पण बड्या धनकोंचे न्यायालय १९९८ मध्ये काही महिन्यांत उभे राहिले आणि कारागिराची पाळी सतरा वर्षांनी आली. नाणेनिधीचे कर्ज तर २००६ मध्येच पूर्ण फेडून झाले होते.

आपल्याकडेही पाहा. १९९१ मध्ये भारताने नाणेनिधीकडून कर्ज घेतले. त्याच वर्षी नरसिंहम समितीने बँकांच्या वसुलीसाठी खास न्यायाधिकरणांची शिफारस केली, आणि १९९३ मध्ये तसा कायदा झाला. हा कायदा सावकाराने लिहून दिला, असा आमचा आरोप नाही. पण ते दार बँका व वित्तसंस्थांसाठीच होते, आणि दहा लाखांखालील रकमेला तेथे जागा नव्हती. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत एक लाखाच्या थकबाकीवर अर्ज करता येत असे. मार्च २०२० मध्ये ही मर्यादा एक कोटी झाली. मालेगावच्या यंत्रमागधारकाचे सहा लाख अडकले असतील तर ते दार त्याला बंद झाले. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आणि उशीर झाल्यास व्याज आहे, हा आधार खरा. पण २०२१ साली व्यापाऱ्यांना त्या नोंदणीत घेतले ते केवळ बँककर्जातील प्राधान्यापुरते. थकबाकीच्या संरक्षणात त्यांना घेतले नाही.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, ती लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्याआधीच अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचीही शिकवण आहे. लहान रकमेलाही कायद्याचे मोल, आणि नादारीत सापडलेल्याला वेळ: कायद्याची सुधारणा मोजायची ती या दोन मापांनी.

कारखानदार व कारागीर बांधवांनी आपली नोंदणी करून घ्यावी आणि प्रत्येक व्यवहार लेखी ठेवावा, हे आपल्या हातात आहे. व्यापारी संघटनांनी मात्र एक मागणी लावून धरली पाहिजे. बँकेच्या थकबाकीसाठी जी तत्परता, तीच पन्नास हजारांच्या बिलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजे. बाहेरचा सावकार त्यासाठी अट घालणार नाही. ती आपल्यालाच घालावी लागेल.