न मोजता विकली जाणारी अश्वशक्ती

पेट्रोल पंपावर माप कमी मिळाल्याचा संशय आलेल्या ग्राहकास प्रमाणित मापाने खात्री करून घेण्याचा हक्क आहे. किराणा दुकानातील तराजूवरही सरकारी शिक्का असतो. परंतु त्याच ग्राहकाने आपल्या जुन्या मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवून घ्यावयाचे ठरविले, की वजनमापांचे हे सारे राज्य संपते. ‘आठ-दहा हॉर्सपॉवर सहज वाढतील’ हे गॅरेजमधील आश्वासन हेच तेथील माप, आणि सायलेन्सरमधून येणारा वाढीव आवाज हीच पावती! हप्त्यांवर जुनी गाडी घेणाऱ्या बेताच्या पगाराच्या तरुणांचा पैसा या व्यवहारात जातो. तेव्हा पोरांचा षोक म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही.

टर्बोचार्जर नसलेले साधे इंजिन बाहेरची हवा केवळ वातावरणाच्या दाबावर आत ओढते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे पेट्रोल कितीही ओतले तरी शक्तीची मर्यादा ठरते ती हवेने. समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर हवेचा दाब एक दशांशाहून थोडा अधिक घटतो. मुंबईत जोमदार वाटणारी मोटार महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत मलूल होते ती यामुळेच. त्यात चालकाचा किंवा मेकॅनिकचा दोष नसतो. इंजिनाचे आकारमान तेच ठेवून अधिक शक्ती मिळवावयाची, तर दर फेऱ्याला अधिक हवा आत घेणे, आत आलेले मिश्रण अधिक दाबून जाळणे, किंवा मिनिटाला अधिक फेरे घेणे, एवढ्याच वाटा उरतात. यांपैकी एकही फुकट नाही.

हे काम कारखान्याने केले म्हणजे काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनाला तीन सिलिंडर आणि सहा झडपा होत्या. त्याची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. पुढे तेवढ्याच आकारमानाच्या इंजिनाला बारा झडपा आणि कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा मिळाली, तेव्हा आकडा ४५ च्या पुढे गेला. ही आठ-नऊ अश्वशक्तीची वाढ मिळविण्यासाठी इंजिनाचे हेडच नव्याने आखावे लागले. इंग्लंडात १९६१ साली मिनी मोटारीची ‘कूपर’ आवृत्ती निघाली, तेव्हा ३४ अश्वशक्तीची ५५ झाली खरी. पण त्यासाठी इंजिन ८४८ वरून ९९७ घन सेंटिमीटरचे करावे लागले, दोन कार्ब्युरेटर बसवावे लागले आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही द्यावे लागले. आपल्याकडच्या हौशी मंडळींना यातील ब्रेकचा भाग सहसा आठवत नाही.

मग कमी पैशांत काहीच साधत नाही काय? साधते, परंतु ते ‘वाढ’ या सदरात न मोडता ‘वसुली’ या सदरात मोडते. लाखभर किलोमीटर धावलेल्या इंजिनात कागदावरची ३७ अश्वशक्ती शिल्लक असतेच असे नाही. नीट न बसणाऱ्या झडपा, झिजलेल्या पिस्टन-रिंगा, धुळीने भरलेला एअर फिल्टर, चुकलेले टायमिंग, झिजलेले प्लग, चाकाला घासत राहणारे ब्रेक, असे प्रत्येकजण आपापला वाटा खात असतो. कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहिला, की चोरी कोठे होते हे बऱ्याच अंशी कळते. टॅपेट, टायमिंग आणि प्लग यांवर खर्च केलेला रुपया जेवढे देतो, तेवढे पुढचा कोणताही रुपया देत नाही. वजनाचेही तसेच. साडेसहाशे किलोच्या मोटारीत चौघे बसले की भार नऊशे किलोंच्या घरात जातो. डिकीतील आणि टपावरील चाळीस किलोंची अडगळ काढली, तर चढावर दीड-दोन अश्वशक्ती वाढल्याइतका फरक पडतो, आणि तोही विनामूल्य.

यानंतर मात्र घटत्या सीमांत फलाचा नियम क्रमिक पुस्तकात शिकवावा तसा समोर उभा राहतो. बॉनेटखाली उघडा बसविलेला आकर्षक फिल्टर पुष्कळदा इंजिनाच्या उष्णतेने तापलेलीच हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की ती सुमारे तीन टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे पैसे मोजून ताकद कमी करून घेण्याचा हा प्रकार झाला. मोकळ्या सायलेन्सरने लहान इंजिनात लागलीच तर एखाद-दुसरी अश्वशक्ती हाती लागते. बाकी सारा गोंगाट. कॅमशाफ्ट बदलून वरच्या फेऱ्यांत मिळविलेली ताकद बहुधा खालच्या फेऱ्यांतून वजा होते, आणि शहरातील मोटार तर दिवसभर खालच्याच फेऱ्यांत चालते. इंजिन दहा टक्के अधिक वेगाने फिरविले, तर पिस्टनला धरून ठेवणाऱ्या दांड्यावरचा जडत्वाचा ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो. हेड घासून दाब वाढविला, तर अधिक ऑक्टेनचे पेट्रोल कायमचे मागे लागते, कारण साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असली, म्हणजे वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. अश्वशक्तीच्या धंद्यात हेच घडते. झडपा चिकाटीने घासून बसविणारा जुना मेकॅनिक आणि चकचकीत नळी विकणारा दुकानदार यांच्यातला फरक ग्राहकाला कानाने कळत नाही. ऐकू येतो तो आवाज, म्हणून पैसा आवाजाकडे जातो. चाकांवरची ताकद मोजणारे डायनॅमोमीटर अस्तित्वात आहेत. पण कामापूर्वी आणि कामानंतर मोजणी केल्याशिवाय पैसे देणार नाही, असे म्हणणारे गिऱ्हाईक विरळाच.

कायद्याचा मार्ग याहून सोपा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील मूळ तपशिलांपासून दूर नेणारा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधिक स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलास सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड ठरविला. ब्रेक तेच ठेवून वेग वाढविणाऱ्यास हा धाक हवाच. परंतु अमुक बदल सुरक्षित आहे, तो मोजून दाखविला आहे, असे सांगू इच्छिणाऱ्या प्रामाणिक कारागिरास सामान्य मालकाच्या आवाक्यातली वाट दिसत नाही. परिणामी बंदी कागदावर राहते आणि धंदा गल्लीत चालतो. अपघात झाल्यावर विमा कंपनीने न कळविलेल्या बदलावर बोट ठेवले, की हप्ते भरणाऱ्याची जमेची बाजू एका पत्राने पुसली जाते.

वाहनांच्या योग्यता तपासणीसाठी देशात स्वयंचलित केंद्रे उभी राहत आहेत. तेथेच माफक शुल्क घेऊन चाकांवरील शक्ती मोजून तिचा दाखला देण्याची सोय परिवहन खात्याने करावी, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही तो मागता यावा. तोवर एखाद्या तरुणाने निदान एवढे करावे: रस्ता तोच, माणसे तेवढीच, गिअर तिसरा, चाळीसवरून साठवर जाण्यास किती सेकंद लागतात, हे शेजारी बसलेल्या मित्राला घड्याळात पाहावयास सांगावे, आणि गॅरेजातून गाडी परत आली, की उरलेली रक्कम देण्यापूर्वी तेच पुन्हा करावे.