हतनूरचा पाहुणा

गेल्या डिसेंबरात धाकट्या लेकीने मोबाईलवर अलास्कातल्या चिलकॅट नदीचे चित्रण पाहिले. थंडीच्या तोंडावर सामन मासे समुद्रातून नदीत वर चढतात, अंडी घालतात आणि मरतात. ती मेजवानी खायला पांढऱ्या डोक्याचे गरुड काठावरच्या झाडांवर हजारोंनी जमतात. "अम्मी, आपल्या तापीवर असं का नाही?" तिने विचारले.

रविवारी फजरनंतर लगेच आम्ही सगळे जळगावहून निघालो. भुसावळ, वरणगाव करत हतनूर धरणावर पोहोचलो. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाखालचा हा जलाशय हिवाळ्यात परदेशी पाखरांनी भरतो. आपल्याकडे मासे प्रवास करून येत नाहीत. मासे खाणारा पक्षीच दूर उत्तरेकडून येतो. त्याचे नाव कैकर, इंग्रजीत ऑस्प्रे.

तासाभराने तो दिसला. पोट पांढरे, डोळ्यावरून काळी पट्टी. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला आणि पाय पुढे करून कोसळला. वर आला तेव्हा पंजात चांगला मोठा मासा. निसटता मासा धरायला त्याच्या तळव्यांना काट्यांसारखे खवले असतात. लेक तर टाळ्याच पिटू लागली.

डबा उघडल्यावर आम्ही मुलांना पुढची गोष्ट सांगितली. अमेरिकेत शेतात आणि डासांवर डीडीटी फवारले गेले. ते पाण्यात उतरले, माशांत साठले आणि मासे खाणाऱ्या गरुडांच्या व कैकरांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली. १९६३ साली अलास्का सोडून तिथल्या मुख्य भूमीवर गरुडांच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. गरुड सावरले, पण धोक्यातल्या जातींच्या यादीतून त्यांचे नाव निघायला २००७ साल उजाडले.

लेक घास हातात धरून म्हणाली, "मामू फवारणीचा पंप नाल्यावर धुतात. तो नाला कुठे जातो?"

आम्ही गप्प झालो. भावाचे शेत रावेर तालुक्यात आहे. तिथला नाला तापीत, तापी हतनूरमध्ये. आणि हतनूरचा मासा आमच्याही ताटात येतो. इतकी वर्षे तो पंप नाल्यावर धुताना आम्हीही पाहत होतोच.

संध्याकाळी भावाला फोन केला. तो हसला, "आपा, एका पंपाने नदी बिघडते का?"

"तुझ्या शिवारात पंप किती आहेत?" आम्ही विचारले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.

पुढच्या महिन्यात शेतावर गेलो, तेव्हा हरभऱ्यावर फवारणी चालली होती. औषध संपल्यावर भावाने रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतले. मग पंपही बांधावरच धुतला आणि धुवण पुन्हा पिकावर मारले. शेजारचे काका बांधावरून बघत होते.

"हे काय नवीन?" त्यांनी विचारले.

भाऊ म्हणाला, "भाचीला विचारा."