शस्त्रक्रियेपूर्वीचे ग्रंथालय

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरात एक वेगळीच शांतता पसरते. डॉक्टरांचे बोलणे अर्धे ऐकलेले असते, उरलेले भीतीत विरून जाते. मग रात्री घरातील तरुण मुले मोबाईल उघडतात आणि क्षणार्धात शेकडो उत्तरे समोर येतात. त्यांतील काही खरी, काही जाहिरातीची, तर काही निव्वळ भय वाढविणारी असतात. पूर्वी माहितीचा दुष्काळ होता, आज महापूर आहे. आणि महापुरातही पिण्याचे पाणी शोधावेच लागते.

तो दुष्काळ अनुभवलेल्या एका विद्यार्थ्याची कथा बोधप्रद आहे. अमेरिकेतील ओहायो येथे जॉन शॉ बिलिंग्ज हा तरुण वैद्यकशास्त्र शिकत होता. १८६० साली अपस्मारावरील शस्त्रक्रिया या विषयावर प्रबंध लिहिताना त्याने अनेक ग्रंथालये धुंडाळली. परंतु हवे ते सारे साहित्य एकाही ठिकाणी मिळाले नाही. पुढे यादवी युद्धात त्याने लष्करी शल्यविशारद म्हणून सेवा केली. युद्ध संपल्यावर सर्जन जनरलच्या कार्यालयातील लहानसे ग्रंथालय त्याच्या हाती आले. विद्यार्थिदशेतील ती उणीव तो विसरला नव्हता. तीस वर्षांच्या परिश्रमाने त्याने तो संग्रह एक लाखाहून अधिक ग्रंथांपर्यंत नेला. जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची देणारे ‘इंडेक्स मेडिकस’ १८७९ मध्ये सुरू झाले, तेही त्याच्याच पुढाकाराने. तेच ग्रंथालय आज ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ म्हणून ओळखले जाते.

या ग्रंथालयाची सूची १९९७ पासून ‘पबमेड’ या नावाने इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे. तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. मात्र ती मुख्यतः डॉक्टरांसाठी आहे. सामान्य कुटुंबाने आरंभ ‘मेडलाइनप्लस’ या त्याच संस्थेच्या संकेतस्थळापासून करावा. तेथे शस्त्रक्रिया, भूल आणि अपघाती इजा यांची माहिती सोप्या इंग्रजीत आणि जाहिरातींविना मिळते. अधिक खोलात जायचे असल्यास ‘कोक्रेन’ या संस्थेचे आढावे पाहावेत. एका प्रश्नावर झालेले अनेक अभ्यास एकत्र तोलून त्यांचा निष्कर्ष तेथे दिलेला असतो आणि त्याचा सुगम सारांशही असतो. पबमेडमध्ये शोध घेताना डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले शस्त्रक्रियेचे नेमके नाव टाकावे आणि ‘रिव्ह्यू’ व ‘फ्री फुल टेक्स्ट’ या चाळण्या लावाव्यात. एकाच रुग्णाची हकिगत वाचून घाबरू नये किंवा हुरळूनही जाऊ नये.

कोणतेही पान वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? आणि लिहिणाऱ्याला काही विकायचे आहे काय?

अशा शोधाचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते, कारण बेशुद्धावस्थेत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे पाहिली असता असे दिसते की, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या आहारानंतर सहा तास आणि तळलेल्या वा स्निग्ध आहारानंतर आठ तास किंवा अधिक काळ जाऊ द्यावा. परंतु निरोगी व्यक्तीस साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र यात मोडत नाही. आता चौविहार करणाऱ्या वृद्ध श्राविकेची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी असेल आणि सकाळीही तिला पाणी दिले गेले नाही, तर सूर्यास्तापासून सुमारे वीस तास ती निर्जळ राहील. म्हणून व्रत, उपवास, मधुमेह आणि नेहमीची औषधे यांची कल्पना भूलतज्ज्ञांना आधीच द्यावी. पाणी केव्हापर्यंत घ्यावे आणि सकाळची कोणती गोळी घ्यावी, हे त्यांनीच ठरवावयाचे असते. पण हा प्रश्न विचारणे कुटुंबाच्या हाती आहे.

त्याचप्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एक तपासणीसूची प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी इत्यादी बाबी मोठ्याने उच्चारून पडताळल्या जातात. ती वाचलेले नातेवाईक नम्रपणे विचारू शकतात, ‘‘डॉक्टरसाहेब, येथे ही सूची वापरली जाते ना?’’

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. अपघाताच्या क्षणी वाचन करीत बसू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जखमीची मान विनाकारण हलवू नये. वाचनाची वेळ त्याआधीची असते, घरात सर्व कुशल असतानाची.

वाचलेल्या गोष्टींतून दोन-चार प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांसमोर ठेवावेत. डॉक्टरांची परीक्षा घेणे हा त्यामागील हेतू नसावा. त्यांचे उत्तर नीट समजावे, एवढाच असावा. बिलिंग्जला जे साहित्य अनेक ग्रंथालये पालथी घालूनही मिळाले नाही, त्याहून कितीतरी अधिक आज प्रत्येकाच्या तळहातावर आहे. ते निवडण्याचा विवेक तेवढा ज्याचा त्याने जोपासावा लागतो.