‘क्लिअर डेटा’ दाबण्याआधी

फोनची मेमरी फुल झाली की गावोगावच्या मोबाइल दुकानांत एकच ठरलेला इलाज होतो. सेटिंग उघडायचं, ॲप्सच्या यादीत जायचं, सर्वांत जास्त जागा खाणारं ॲप शोधायचं आणि ‘क्लिअर डेटा’ दाबायचं. दोन-तीन ॲपवर हे केलं की पाच-सहा जीबी मोकळे होतात, फोन पळायला लागतो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं. काय गेलं ते त्याला नंतर कळतं, पुष्कळदा तर ज्या दिवशी ती गोष्ट लागते त्याच दिवशी.

मध्यंतरी एसटी स्टँडसमोरच्या अशाच एका दुकानात मी चार्जर घ्यायला गेले होते. शेजारी एक ताई आल्या, बचत गटाच्या सचिव. “दादा, फोटो काढायला गेलं की जागा नाही म्हणतंय बघा.” दुकानातल्या मुलाने फोन घेतला, ॲप्सची यादी आकाराप्रमाणे लावली. व्हॉट्सॲप, यूट्यूब, रीळांचं ॲप, आणि चौथ्या नंबरावर हिशेबाची वही ठेवायचं एक ॲप. त्याचं बोट त्या चौथ्यावर गेलं तेव्हा राहवलं नाही म्हणून विचारलं, “ताई, यातला हिशेब आणखी कुठे आहे का हो?” त्या म्हणाल्या, “आणखी कुठे असणार? यातच आहे की सगळं. दोन वर्षांचं.” ॲप उघडून पाहिलं, तर बॅकअप बंद, लॉगइनसुद्धा केलेलं नाही. कुणाचा किती हप्ता आला, कुणाचं कर्ज किती फिटलं, पासबुकांचे फोटो, सगळं त्या एका फोनच्या पोटात. बटण दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं आणि ते परत आणणं कुणाच्याच हातात राहिलं नसतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. फोनची जागा मोकळी कर म्हणून त्याला सांगितलं होतं आणि तो तेच करत होता. माझं म्हणणं दुसरंच आहे. जागा मोकळी करताना आपण सगळे ‘किती एमबी’ एवढंच बघतो. बघायला हवं ते एकच: पुसतोय ते परत मिळणार आहे की नाही? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तर फोन साफ करण्यातली निम्मीअधिक भीती जाते आणि जवळजवळ सगळं नुकसान टळतं.

कुठल्याही ॲपच्या स्टोरेजच्या पानावर आकडे तीन असतात. पहिला ॲपचा स्वतःचा आकार. ॲप काढून टाकलं तरी प्ले स्टोअरवरून ते पुन्हा मिळतं. दुसरा आकडा डेटाचा. तुमचं लॉगइन, तुमच्या नोंदी, तुमचे संदेश, ऑफलाइन ठेवलेली गाणी आणि नकाशे असं सगळं यात येतं. तिसरा आकडा कॅशेचा. म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारी चित्रं, थंबनेल, अर्धेमुर्धे उतरलेले व्हिडिओ, जे ॲपने काम भरभर व्हावं म्हणून जवळ ठेवलेलं असतं. कॅशे पुसली तर ॲप ते पुन्हा उतरवून घेतं. दुसऱ्या आकड्याचं मात्र काही सांगता येत नाही. त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर परत येईल, नसेल तर कायमचा जाईल. आणि बटणं मात्र शेजारीशेजारी. कुठे त्याला ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणतात, कुठे ‘क्लिअर डेटा’. काही फोनवर तर तळाशी एकच ‘क्लिअर डेटा’ असतं, ते दाबल्यावर मग ‘सगळा डेटा’ आणि ‘फक्त कॅशे’ असे दोन पर्याय वर येतात. घाईत असलेल्या माणसाचं बोट पहिल्यावर पडतं.

कॅशेबद्दल एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय. रोज रात्री सगळ्या ॲपची कॅशे साफ करून झोपणारे लोक मला माहीत आहेत. याची गरज नाही. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून फोन प्रत्येक ॲपला कॅशेसाठी एक वाटा ठरवून देतो आणि जागा कमी पडली की वाट्यापेक्षा जास्त खाणाऱ्या ॲपची कॅशे आधी, असं करत आपणहून पुसतो. रोज कॅशे पुसलीत तर दुसऱ्या दिवशी तीच चित्रं तुमच्याच नेट पॅकमधून पुन्हा उतरतात. एखादं ॲप अडकलं, जुनंच पान दाखवत राहिलं, उघडताच बंद पडायला लागलं, तर कॅशे पुसावी. लग्नात व्हिडिओ काढायचाय आणि फोन जागा नाही म्हणतोय, तर ब्राउझरची आणि रीळांच्या ॲपची पुसावी, चटकन एखाद-दोन जीबी मिळतात. एरवी तिला हात लावू नये.

मग जागा खातं कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच निघतं, व्हॉट्सॲप. ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रांनी भारतीयांचे फोन भरतात ही गोष्ट इतकी ठळक होती की २०१८ च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यावर बातमी केली. त्याच्या महिनाभर आधी गुगलने दिल्लीत ‘फाइल्स गो’ नावाचं ॲप आणलं होतं, आज तेच ‘फाइल्स बाय गुगल’ म्हणून ओळखलं जातं. अशी चित्रं ओळखून एकगठ्ठा पुसायची सोय त्यात दिली होती. सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांच्यासाठी एका कंपनीला यंत्राला शिकवावं लागलं, यावरून प्रश्नाचा आकार कळतो.

तर व्हॉट्सॲपमध्ये काय करायचं? अँड्रॉइडच्या सेटिंगमधून त्याचा डेटा पुसायचा नाही. व्हॉट्सॲप उघडायचं, त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मॅनेज स्टोरेज’. वरच्या बाजूला दोन गठ्ठे दिसतात, पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली. खाली प्रत्येक चॅटने किती जागा घेतली ते क्रमाने. कॉलनीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप हेच वर सापडतात. फॉरवर्डचा गठ्ठा डोळे झाकून पुसा. पाच एमबीवाल्या गठ्ठ्यातून मात्र एकदा बोट फिरवून जा, कारण नातवाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ त्यातच असतो आणि तो गॅलरीत वेगळा ठेवायचा राहून गेलेला असतो. मग फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधलं ‘सेंट’ नावाचं फोल्डर बघा. तुम्ही गॅलरीतून जे पाठवता त्याची आणखी एक प्रत तिथे बसते. मूळ गॅलरीत आहे याची खात्री करून ही प्रत पुसली तर तुमचं काही जात नाही. शेवटी ऑटो डाउनलोड बंद करा. पाहायचं असेल ते बोट लावून उतरवता येतं.

आणि हे सगळं करण्याआधी ‘चॅट बॅकअप’चं पान उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख वाचा. हे मी आवर्जून सांगते, कारण इथे फार लोक फसलेत. पूर्वी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलच्या फुकट १५ जीबीत धरला जात नव्हता. २०२४ मध्ये ती सवलत सगळ्यांसाठी संपली. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण तर १ जून २०२१ लाच बंद झाली होती. त्यामुळे मेल, फोटो, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप आता त्याच १५ जीबीत दाटीवाटीने बसतात. ते भरले की बॅकअप थांबतो आणि तुम्ही मात्र ‘आपला बॅकअप चालू आहे’ या भरवशावर राहता. तारीख चार महिन्यांपूर्वीची निघाली तर मधल्या चार महिन्यांचं सगळं फक्त हातातल्या फोनमध्ये आहे असं समजा.

टेलिग्राममध्ये याच्या उलट. तिथल्या नेहमीच्या गप्पा आणि फाइली त्यांच्या सर्व्हरवर असतात. टेलिग्रामच्या आतून कॅशे पुसली तर फोनमधली प्रत जाते, मूळ राहतं, पुन्हा बोट लावलं की उतरतं. एकाच फोनमधली दोन निरोपांची ॲप, पण एकात बिनधास्त पुसावं आणि दुसऱ्यात जपून. गुगल ऑथेंटिकेटरचं उदाहरण तर याहून बोलकं. एप्रिल २०२३ पर्यंत त्यातले लॉगइनचे कोड फक्त फोनमध्येच असत, गुगल खात्याशी जोडायची सोय तेव्हा आली. ती ज्यांनी आजही चालू केलेली नाही, त्यांनी काही एमबींसाठी त्याचा डेटा पुसला तर ट्रेडिंगपासून मेलपर्यंतच्या खात्यांच्या दारातच अडकायला होईल. ॲप लहान असलं म्हणजे त्यातलं सामान किरकोळ असतं असं अजिबात नाही.

क्लीनर ॲपबद्दल थोडक्यात: नको. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून बाहेरच्या ॲपला दुसऱ्या ॲपची कॅशे सरळ पुसताच येत नाही. म्हणून यातली काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात आणि तुमच्या वतीने बटणं दाबतात. ही परवानगी ज्याच्या हातात जाते त्याला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो. ज्या फोनवर तुमची बँक आहे त्या फोनवर ती देऊ नका. भारत सरकारने २०२० च्या जूनमध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीतसुद्धा ‘क्लीन मास्टर’ आणि ‘डीयू क्लीनर’ होती.

न वापरलेल्या ॲपसाठी आता बरा मार्ग आहे. प्ले स्टोअरने २०२३ मध्ये ‘आर्काइव्ह’ची सोय आणली आणि अँड्रॉइड १५ मध्ये ती थेट फोनच्या सेटिंगमध्ये आली. यात ॲपचा बराचसा भाग निघून जातो, पण चिन्ह आणि तुमचा डेटा राहतो. वर्षातून एकदा लागणारी ॲप अशी ठेवावीत. आणि फोटो पुसल्यावर जागा वाढली नाही म्हणून घाबरू नका, ते कचरापेटीत असतात. गुगल फोटोजच्या पेटीत बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. मात्र एक लक्षात ठेवा. बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमध्ये ‘डिलीट’ केलं तर फोटो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ आहे.

इथवर आपल्या घरातलं झालं. पण मला खरी काळजी वाटते ती ज्यांचं काम फोनवर आलंय आणि फोन मात्र साधा आहे, त्यांची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीसेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल आंदोलन करून परत केले होते. दोन जीबी रॅमचे ते फोन हँग होत, तापत, आणि त्यावरच ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये माहिती भरायची होती. त्याच महिन्यात १५ ऑगस्टपासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नेटवर्क नसेल तर माहिती फोनमध्येच ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद यातून होते. आता विचार करा. शेतकरी दिवसभर फिरून पाहणी करतो, संध्याकाळी गावात येतो, फोन जागा नाही म्हणतो, आणि कुणीतरी सांगतं, “काका, त्या ॲपचा डेटा क्लिअर करा, चालेल.” अपलोड व्हायची राहिलेली नोंद तिथेच संपते. मेळघाटात किंवा धडगावात सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन फिरणाऱ्या ताईंच्या फोनवर तर असे न पाठवलेले फॉर्म दिवसचे दिवस पडून असतात.

‘क्लिअर डेटा’ दाबल्यावर अँड्रॉइड एक इशारा दाखवतं. या ॲपच्या फाइली, सेटिंग वगैरे कायमचं पुसलं जाईल, अशा अर्थाचा. कॅलक्युलेटर असो की तीन वर्षांचा हिशेब, वाक्य तेच. सगळीकडे तेच वाक्य आलं की माणूस ते वाचणं सोडून देतो, यात त्याचा काय दोष? आणि याला उपाय नाही असंही नाही. ॲप बनवणाऱ्याने ठरवलं तर त्या बटणाच्या जागी ‘मॅनेज स्पेस’ असं स्वतःचं पान उघडता येतं. अँड्रॉइडमध्ये ही तरतूद कधीपासूनची आहे. क्रोमने ती वापरली आहे. त्याच्या स्टोरेजमध्ये गेलात की सरळ सगळं पुसलं जात नाही, साइटींनी किती जागा घेतली हे दाखवणारं पान समोर येतं, आणि सगळं पुसायचं बटण तिथे वेगळं असतं.

सरकारी ॲप बनवून घेणाऱ्या खात्यांनी हे एक पान निविदेतच मागावं. महिला व बालविकासने मागावं, महसूल आणि कृषीने मागावं, बचत गटांसाठी ॲप काढणाऱ्यांनी मागावं. पानावर फार काही नको. वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘४ नोंदी अजून अपलोड झालेल्या नाहीत’ एवढं, खाली ‘आधी अपलोड करा’ हे बटण, आणि त्या चार नोंदी जाईपर्यंत पुसायचं बटण बंद.