१८५७ ची कोळी पलटण : ‘फितूर’ हा शब्द पुरेसा आहे का?

१८५७ म्हटले की एका बाजूला क्रांतिवीर आणि दुसऱ्या बाजूला फितूर, अशी विभागणी चटकन केली जाते. अमेरिकन क्रांतीत इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या वसाहतवाल्यांवर असाच शिक्का बसला. त्यांतील सुमारे ६० हजार जणांनी देश सोडला. अनेकांनी कॅनडा गाठला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत मात्र ही विभागणी फार वेळ टिकत नाही.

१८५७ च्या धामधुमीत कॅप्टन नटाल याने जुन्नर, अकोले आणि नाशिककडील महादेव कोळ्यांची पलटण उभारली. संख्या सुमारे ६००. प्रमुख होते जावजी नाईक बांबळे. आणि तिच्या अधिकाऱ्यांत चक्क राघोजी भांगरे यांचा एक भाऊ होता!

राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी झाली होती. त्याला दहा वर्षेही उलटली नव्हती. वडील रामजी यांनीही इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेले. अशा घरातील माणूस इंग्रजांचा हुद्दा का स्वीकारतो?

उत्तर १८१८ मध्ये सापडते. घाटमाथ्यावरील किल्ल्यांची आणि घाटवाटांची राखण हे कोळी नाईकांचे परंपरागत काम. कंपनी सरकारने किल्ल्यांवरील शिबंदी कमी केली. उत्पन्न गेले, मान गेला. पुढे सावकाराच्या कर्जापायी जमिनीही जाऊ लागल्या. बंडे उठली ती यातून. हाती शस्त्र, नियमित पगार आणि नाईकीचा मान, असे जे गमावले होते, ते १८५७ च्या संकटात सरकार स्वतः होऊन देऊ लागले. यात नवेही काही नव्हते. बांबळे कुळातीलच पूर्वीच्या एका जावजीने पेशव्यांविरुद्ध बंड केले आणि अखेर पेशव्यांकडूनच राजूरचा अधिकार मिळवला. राज्यकर्त्याशी बोलणी करण्याची ही डोंगरातील जुनी रीत होती. तिला राजनिष्ठा म्हणणे हा इंग्रजांचा भाबडेपणा आणि फितुरी म्हणणे हा आपला.

उलट उदाहरणही शेजारीच आहे. भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी आधी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. तुरुंगवास भोगून आल्यावर तो बंडात उतरला. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे येथील चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला.

कोळी पलटण याच भिल्लांवर सोडण्यात आली. हा भाग मात्र कोणत्याही कारणाने सुसह्य होत नाही. सावकाराने आणि सरकारने सारखेच नाडलेले दोन डोंगरी समाज एकमेकांसमोर उभे केले गेले, आणि इंग्रजांनी त्यालाच आपल्या धोरणाचे यश मानले.

मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे जण पोलिसांत गेले. बाकीचे शेतीकडे आणि मजुरीकडे परतले. सावकाराची वही तशीच होती. १८७३ च्या सुमारास आंबेगावातील जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड पुकारले, आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद दरोडेखोर अशीच आहे.